फळ्यांना चिकटलेली पुस्तकं

रंगाच्या कारखान्यात त्यांना सगळे काचवाल्या ताई म्हणत. त्या काच विकत नव्हत्या की बसवत नव्हत्या. प्रयोगशाळेतल्या लांब टेबलाशी उभं राहून काचेच्या पट्ट्यांवर दुधासारखं पांढरं पाणी पातळ ओढायचं आणि ते वाळताना बघत बसायचं, हे त्यांचं काम. नव्या माणसाला हा पगारी आराम वाटे. हिशेबखात्यातला एक आगाऊ माणूस एकदा दारात उभा राहून म्हणाला होता, "ताई, वाळत घातलेलं राखायला कारखान्याला माणूस लागतो होय?" ताई मान वर न करता म्हणाल्या, "लागतो. तुमचा आकडा चुकला तर खोडता येतो. हे एकदा वाळलं की वाळलं." त्यानंतर तो माणूस प्रयोगशाळेवरून जाताना जरा भरभर चालू लागला.

ताई अशाच होत्या. तोंडाने फटकळ, हाताला पक्क्या, आणि एकदा कुणाला आपलं म्हटलं की त्याच्या बाबतीत ठार आंधळ्या. त्या आंधळेपणानेच त्यांचा घात केला, आणि ते बघून ज्याला राग येणार नाही त्याच्याशी माझं काही बोलणं नाही.

आधी त्या पांढऱ्या पाण्याबद्दल. दूध पांढरं दिसतं ते त्यात तरंगणाऱ्या बारीक कणांमुळे, आणि हे पाणीही त्याच कारणाने पांढरं. फक्त इथले कण पॉलिमरचे, म्हणजे ढोबळमानाने प्लॅस्टिकच्या जातीचे, आणि इतके लहान की डोळ्यांना दिसायचे नाहीत. लाकडावर किंवा काचेवर ते पसरलं की पाणी उडू लागतं. कणांना मोकळं फिरायला जागा उरत नाही. ते एकमेकांना खेटतात, दाटीवाटीने रचले जातात, दबून गोलाचे चपटे होतात, आणि शेवटी दोघांमधली सीमाही पुसट होते. पांढरेपणा जातो आणि मागे एक स्वच्छ, सलग पापुद्रा उरतो. त्याला कारखान्यात फिल्म म्हणतात. ताईंनी हे आयुष्यभर पाहिलं होतं. तरी पांढऱ्याचं पारदर्शक व्हायची वेळ आली की त्या चालू बोलणं अर्ध्यावर सोडून काचेकडे बघत.

आता ह्यात एक अडचण असते. मऊ कण छान जुळतात, पण त्यांची फिल्म चिकट राहते. कडक कणांची चिकटत नाही, पण ते धड जुळतच नाहीत, वाळले की भेगा पडतात. ताईंनी आणि भाऊंनी मिळून जो माल उभा केला होता तो ह्यावरचा उपाय होता. त्याला सगळे 'संकरित' म्हणत, कारण त्यात एकाच कणात दोन पॉलिमरं होती: पोटात मऊ, भोवती दुसऱ्याचं पातळ कवच. हे कवच ओलं असेपर्यंत नरम राहायचं, शेजाऱ्याला बिलगायचं, आणि पाणी निघून गेलं की कडक व्हायचं. कवचाला कवच जुळून फिल्मच्या आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी उभी राहायची, भिंती कडक आणि आतली घरं मऊ. अशी फिल्म वाकवली तर तुटत नाही आणि तिच्यावर काही ठेवलं तर ती धरून ठेवत नाही.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? मऊ कणांचं एक पिंप आणि कडक कणांचं एक पिंप एका टाकीत ओतावं, ढवळावं, झालं! होत नाही. वाळताना मऊ मऊंकडे जातात, कडक कडकांकडे, आणि पोळं काही तयार होत नाही. जिथे मऊ गोळा झाले तिथे हात लावला की बोट धरतं. पण हे सगळं वाळल्यावर. ओलं असताना दोन्ही माल शेजारी ठेवा, देवाला कळायचं नाही कुठला कुठला.

भाऊ म्हणजे उत्पादनखात्याचे प्रमुख. ताईंचे सख्खे नव्हेत. ते सगळ्या कारखान्याचेच भाऊ होते, पण ताईंनी त्या हाकेत जरा जास्त जीव ओतला होता. संकरित माल जमेना तेव्हा दोघांनी मिळून बोलणी खाल्ली होती. कधी रिअॅक्टरमध्ये, म्हणजे माल जिथे तयार होतो त्या मोठ्या बंद टाकीत, मालाच्या गाठी व्हायच्या आणि भाऊ स्वतः आत उतरून खरवडून काढायचे. कधी माल उतरायचा चांगला आणि ताईंच्या काचेवर त्याच्या भेगा पडायच्या. मोठे साहेब म्हणायचे, "तुमचं हे लाडकं लेकरू चालायला कधी लागणार?" शेवटी एके दिवशी काचेवरचा थर असा निर्मळ वाळला की भाऊंनी काच उचलून खिडकीशी धरली आणि पलीकडचं अंगण बघत म्हणाले, "ताई, हिच्यावर काही आहे की नाही तेच कळेना." त्या दिवशी ताईंना रडू आलं होतं. हे त्यांनी घरी सांगितलं, भाऊंना कधी कळू दिलं नाही.

नियम असा होता की प्रत्येक बॅचचा नमुना प्रयोगशाळेच्या माणसाने स्वतः जाऊन, भरलेल्या पिंपातून घ्यायचा. ताई वर्षानुवर्षं जात होत्या. मग त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. काठी टेकत पहिल्या दिवशी त्या लोखंडी जिन्याशी आल्या तर भाऊ जिन्यात आडवे उभे.

"कुठे निघालात?"

"नमुना घ्यायला. दुसरीकडे कुठे जाणार, फिरायला?"

"ह्या पायाने? खाली पडलात तर घरचा तुमचा सुतार माझी करवतीने चिरफाड करेल. जा, बसा जागेवर. बाटली मी आणून देतो."

आणि आणून दिली. दुसऱ्या दिवशीही दिली. गुडघा बरा झाला, काठी गेली, पण रोज सकाळी झाकणाला चिकटपट्टी लावलेली बाटली हातात घेऊन भाऊ स्वतः येत, स्टुलावर बसून चहा घेत, दोन घरच्या गोष्टी सांगत आणि जात. सगळा कारखाना हे बघायचा. ताईंना त्यात नियम मोडल्यासारखं काही वाटत नव्हतं. भाऊंच्या हातून बाटली घ्यायची आणि वर त्यांना विचारायचं, ही पिंपातलीच ना? असं विचारणं म्हणजे तोंडावर थुंकण्यासारखं झालं असतं.

सुतार म्हणजे ताईंचा नवरा. घरामागेच त्याचं वर्कशॉप होतं. कमी बोलायचा, हळू काम करायचा आणि त्या हळूपणाबद्दल कुणाचं ऐकून घ्यायचा नाही. गिऱ्हाईक दारात येऊन बसलं तरी हा शांतपणे फळीच्या कडा पुन्हा घासत बसे. "घाईचं काम पाहिजे असेल तर कोपऱ्यावर दुकान आहे," एवढंच म्हणे. कोपऱ्यावरचा दुकानदार त्याला ह्याबद्दल मनापासून दुवा द्यायचा. सुतार जन्मभर वासाचं, डोळे चुरचुरवणारं पॉलिश वापरत आला होता आणि त्यापायी खोकत होता. ताईंनी त्याच्या मागे लागून लागून ते बंद करवलं. "माझा माल घ्या. पाण्याचा आहे, वास नाही, आणि तुमच्या त्या पॉलिशपेक्षा टिकेल. माझा शब्द." सुतार कुरकुरला, पण बायकोच्या शब्दावर त्याने ब्रश धुतले.

मग त्याला गावातल्या नव्या ग्रंथालयाचं काम मिळालं. भिंतभर उंच मांडण्या, सगळ्या लाकडाच्या, सगळ्यांना ताईंचा संकरित माल. एवढं मोठं आणि चारचौघांच्या नजरेतलं काम त्याला कधी मिळालं नव्हतं. ते चांगलं झालं असतं तर त्याचं नाव झालं असतं, आणि बिघडलं तर ह्या वयात दुसऱ्यांदा कुणी विचारायला येणार नव्हतं. हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून दोघंही त्यावर फारसं बोलत नसत.

काम चालू असताना एका दुपारी जेवताना सुतार म्हणाला, "वाळलं तरी बोट धरतंय गं."

"थर जाड दिला असेल."

"पातळच दिलाय."

"मग दोन थरांमध्ये पुरेसा वेळ सोडला नसेल. अहो, माल मी स्वतः पास केलाय. काचेवर टणटणीत आहे."

सुताराने घास तसाच हातात धरून त्यांच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग "बरं" म्हणाला आणि जेवला. पुन्हा त्याने तो विषय काढला नाही. ताईंना वाटलं, पटलं असेल.

ग्रंथालय उघडून पुस्तकं लावून झाली आणि थोड्याच दिवसांत ग्रंथपाल बाईंचा फोन आला. "तुम्ही दोघं जरा येऊन जाता का?" आवाज इतका सभ्य होता की ताई हातातलं काम टाकून निघाल्या.

ग्रंथपाल बाईंनी दोघांना मांडणीशी नेलं. त्यांनी खालच्या फळीवरचा एक जाडजूड शब्दकोश दोन्ही हातांनी धरला आणि ओढला. आधी तो हललाच नाही. मग चर्र आवाज झाला आणि शब्दकोश हातात आला, पण बांधणीच्या कापडाची खालची कड फळीवरच राहिली. त्यांनी शेजारचं पुस्तक काढलं. पुन्हा तेच. फळीवर पुस्तकांच्या बुडांचे निळे, लाल, करडे पट्टे ओळीने उमटले होते.

"लहान मुलांच्या विभागात तर वाचायला घेतलेली चित्रांची पुस्तकं फाटलीत," बाई म्हणाल्या. "मुलं मलाच विचारतात, आम्ही फाडलं का म्हणून."

ताईंनी फळीवर तळवा ठेवला. उचलताना तो किंचित मागे ओढला गेला. एवढंसंच. त्यांनी तळवा पुन्हा ठेवून पाहिला.

त्या काही म्हणायच्या आत सुतार पुढे झाला. "चूक माझी आहे बाई. माल चांगला होता. मी घाई केली. पहिला थर वाळायच्या आत दुसरा दिला. सगळ्या फळ्या काढून नेतो, घासून परत लावून देतो."

ग्रंथपाल बाईंनी त्याच्याकडे जशा नजरेने पाहिलं, तशा नजरेने त्याच्याकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं. सुतार खाली मान घालून फळीचे स्क्रू बघत राहिला.

येताना रस्ताभर ताईंच्या डोक्यात तेच घोळत होतं. घाई केली! ज्या माणसाने स्वतःच्या लग्नाच्या दिवशी दाराची बिजागरी नीट बसेना म्हणून सगळ्यांना खोळंबून ठेवलं होतं, त्याने घाई केली? त्या नवऱ्याला ओळखत होत्या. त्याने घाई केलेली नव्हती. मग तो कबूल का झाला, हा विचार त्यांना तेव्हा शिवला नाही. त्यांना एवढंच कळलं की थर बरोबर असेल तर माल चुकलाय, आणि माल तर त्यांनी स्वतः पास केलाय. घरी पोचताच त्या वर्कशॉपमध्ये गेल्या, ग्रंथालयाच्या कामातलं उरलेलं पिंप उघडलं आणि आतला पांढरा माल एका बाटलीत भरून घेतला.

सकाळी प्रयोगशाळेत त्यांनी एका काचेवर तो ओढला आणि शेजारी त्याच बॅचची, भाऊंनी आणून दिलेल्या बाटलीतली, जपून ठेवलेली काच मांडली. मग उभ्या राहिल्या. पाणी उडू लागलं. कडेने पांढरं मागे सरत गेलं, जसं नेहमी सरतं. पण मध्यभागी आल्यावर ते पुरतं गेलं नाही. वाळून कोरडं झालं तरी काचेवर धुरकट छटा राहिली. खाली काळा कागद सरकवला तर धुकं स्पष्ट दिसलं. जुनी काच त्याच कागदावर ठेवली. तिच्यावर काही आहे की नाही तेच कळेना. मग त्यांनी दोन लाकडी पट्ट्यांना तो माल लावला, वाळू दिला, पट्ट्या तोंडाला तोंड लावून वर वजन ठेवलं आणि गरम कपाटात ठेवून दिल्या. बाहेर काढून ओढल्या तर चर्र. तोच ग्रंथालयातला आवाज.

पोळं नव्हतंच. पिंपात संकरित माल नव्हता. दोन वेगळे माल एकत्र ओतून ढवळलेले होते. आणि बाटलीत मात्र खरा माल होता, म्हणजे कुणीतरी तो मुद्दाम बाजूला काढून, ताईंसाठी म्हणून ठेवला होता. ही बाटली रोज कुणाच्या हातून येत होती हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. तरी त्या बराच वेळ दुसरं कुणी असेल का ह्याचाच विचार करत बसल्या. गडी असेल. पाळीवाला असेल. पिंपांची अदलाबदल झाली असेल. माणूस आपल्या माणसाला वाचवायला किती वाटा शोधतो!

मग त्या उठल्या आणि लोखंडी जिना चढून वर गेल्या. रिअॅक्टरच्या मजल्यावर भाऊ होते. ताईंना तिथे बघून ते आधी हसले. मग त्यांच्या हातातल्या दोन काचा दिसल्या आणि हसू तोंडावरच गोठलं.

"कधीपासून भाऊ?"

भाऊंनी आजूबाजूला पाहिलं, त्यांना पंपाच्या आडोशाला नेलं. "ताई, ऐकून घ्या. रिअॅक्टर थंड ठेवायचं यंत्र बंद पडलं होतं. संकरित माल करायचा म्हणजे पूर्ण पाळीभर कवचाचा माल थेंबथेंब सोडत बसायचं, आणि साहेब डोक्यावर बसलेले. म्हटलं एकदाच ढवळून देऊ. कुणाची तक्रार आली नाही. मग पुन्हा एकदा दिलं."

"आणि बाटली?"

"लहान रिअॅक्टरमध्ये थोडा खरा माल करून ठेवायचो. तुमच्यासाठी."

'तुमच्यासाठी' असं ते म्हणाले, जणू काही भेटवस्तूच आणत होते. ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मला सांगता आलं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही पास केला असतात?"

"नसता केला."

"मग?" भाऊ म्हणाले, आणि ह्यात आता काय बोलायचं राहिलं अशा नजरेने त्यांच्याकडे बघत राहिले.

"माझ्या घरात पाठवलात तुम्ही तो माल, भाऊ. सुताराच्या हातात दिलात. ग्रंथालयाचं काम आहे हे तुम्हाला मीच सांगितलं होतं, त्या स्टुलावर बसून."

भाऊंचे डोळे भरून आले. खरंच आले, ताईंनी पाहिलं. ते म्हणाले, "साहेबांपुढे मी स्वतः सांगतो. सुताराच्या अंगावर काही येऊ देणार नाही. फक्त मला बोलू द्या आधी. तुम्ही काही बोलू नका." आणि ताईंनी, एवढं सगळं झाल्यावरही, मान डोलावली. ह्याला काय म्हणावं? मी असतो तर तिथेच त्या दोन काचा त्यांच्या डोक्यात घातल्या असत्या. पण ताईंना ते डोळे खरे वाटले, आणि कदाचित त्या घटकेला ते खरे होतेही.

बैठक साहेबांच्या खोलीत झाली. ग्रंथालयाने कारखान्यालाही तक्रार पाठवली होती. साहेब, भाऊ, विक्रीखात्याचे दोघं आणि ताई. साहेबांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं की प्रकरण तसं मिटल्यातच आहे. "सुताराने स्वतःच कबूल केलंय, घाई झाली म्हणून. ताई, तुमची चाचणी व्यवस्थित आहे. माल पास आहे असं खाली लिहून सही करा, म्हणजे ग्रंथालयाला कळवून टाकतो."

ताईंनी भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"भाऊ, तुम्ही काही सांगणार होतात," ताई म्हणाल्या.

"मी?" भाऊ म्हणाले. "मी काय सांगणार? माल आमच्याकडून बरोबरच गेलाय. लाकूडकामात काय झालं ते त्यांना माहीत."

ताईंनी काचा टेबलावर ठेवल्या. एक स्वच्छ, एक धुरकट. कुठली काच कशाची ते सांगितलं. आपली चाचणी ज्या बाटलीची झाली तिच्यात पिंपातला माल नव्हता, हेही सांगितलं.

"बाटली कुणी भरली?" साहेबांनी विचारलं.

"भाऊंनी. रोज तेच आणून देतात."

साहेबांनी भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि शांतपणे म्हणाले, "नमुना घ्यायचं काम प्रयोगशाळेचं आहे साहेब. तसा नियमच आहे. मी कशाला आणून देऊ? माझी कामं काय कमी आहेत?"

विक्रीखात्याच्या दोघांनी भाऊंना ती बाटली घेऊन जाताना कितीदा पाहिलं होतं, चहाला हाकही मारली होती. दोघंही मूग गिळून बसले. साहेबांना माहीत नव्हतं असंही नाही. पण रिअॅक्टर भाऊंवाचून चालत नव्हता, आणि फिल्म बघायला दुसरं कुणीही उभं करता आलं असतं.

"ताई," साहेब जरा मऊ आवाजात म्हणाले, "विचार करा. सही केलीत तर सगळं जागच्या जागी राहील. आणि पिंपातला नमुना तुम्ही घेतला नव्हता असं म्हणणार असाल, तर मग नियम कुणी मोडला हा प्रश्न येतो."

किती सोपं होतं! सुताराने गुन्हा आधीच अंगावर घेतला होता. ताईंनी फक्त तो तिथे राहू द्यायचा होता. नोकरी राहिली असती, टेबल राहिलं असतं, आणि गावभर सुताराचं नाव झालं असतं ते घाईने काम बिघडवणारा म्हणून.

"नियम मी मोडला," ताई म्हणाल्या. "लिहून देते. मी तपासला तो माल पिंपातला नव्हता. पिंपातला माल खराब आहे. सुताराची काही चूक नाही."

त्यांनी तसं लिहिलं आणि खाली सही केली. भाऊंच्या अंगावर काहीच आलं नाही, कारण नियमात त्यांचं नावच नव्हतं. दारातून बाहेर पडताना भाऊ मागून हळूच म्हणाले, "ताई, माझाही संसार आहे." ताईंनी वळून पाहिलं नाही. ह्या माणसाने केसाने गळा कापला होता आणि वर समजूनही घ्यायला सांगत होता. उद्यापासून येऊ नका, असं त्यांना संध्याकाळच्या आत कळवण्यात आलं.

त्या घरी आल्या तेव्हा सुतार वर्कशॉपमध्ये होता. ग्रंथालयाच्या फळ्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या होत्या. एक फळी टेबलावर आडवी घालून तो पत्र्याच्या खरवडणीने वरचा थर काढत होता. थर भुकटी होऊन निघत नव्हता, रबरासारखा गुंडाळत येत होता. ताई बाजूच्या ओंडक्यावर बसल्या आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. बाटली, लहान रिअॅक्टर, पंपाच्या आडचे ते भरलेले डोळे, बैठक, सही. सुतार खरवडायचा थांबला होता.

"म्हणजे," तो म्हणाला, "तुला माहीत नव्हतं?"

ताईंना आधी कळलंच नाही. "काय माहीत नव्हतं?"

"मालात गडबड आहे ते."

"मला कसं माहीत असणार? आत्ता काय सांगितलं मी तुम्हाला?"

सुताराने खरवडणी खाली ठेवली. त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी मोकळं झालं.

"मला वाटलं, तुला माहीत असणार," तो म्हणाला. "त्या दिवशी जेवताना मी म्हटलं, बोट धरतंय, तर तू एकदम म्हणालीस, मी स्वतः पास केलाय. म्हटलं, वरून जोर आला असेल. सही करावी लागली असेल. नोकरी म्हटली की असतं एखादं. म्हणून मी पुन्हा विचारलं नाही."

"आणि ग्रंथालयात?"

"मालाचं नाव घेतलं असतं तर तू अडकली असतीस. मी काय, सुतार माणूस. म्हटलं, घेऊ अंगावर."

दुसऱ्या कुणी हे ऐकलं असतं तर म्हणालं असतं, केवढं नशीब ह्या बाईचं, असा नवरा! जन्मभर जपलेलं नाव त्याने बायकोसाठी एका वाक्यात टाकून दिलं होतं. ताईंनाही ते दिसत होतं. पण त्यांना त्याच्या पलीकडचं दिसत होतं. इतके दिवस हा माणूस समोर बसून जेवत होता, आणि मनात धरून बसला होता की हिने जाणूनबुजून आपल्या हातात खोटा माल दिला. धरून बसला होता आणि त्यासाठी त्याने तिला माफही केलं होतं. भाऊंनी फसवलं त्याचा राग तरी करता येत होता. ह्याचं काय करायचं?

"एकदा विचारायचं होतं मला," ताई म्हणाल्या.

"विचारलं असतं आणि तू हो म्हणाली असतीस, तर मी काय केलं असतं?"

"आणि मी नाही म्हणाले असते तर? विश्वास ठेवला असतात?"

सुताराने फळीवर पडलेला गुंडाळा उचलला, बोटांत चुरगळून पाहिला, बाजूला टाकला.

"ठेवला असता," तो म्हणाला.

तोवर ताई उठून दाराबाहेर पडल्या होत्या.